कैफियत फतेगंजच्या पिवळ्या मॉनिटरांची

श्रीगजानन प्रसन्न. बडोदे शहरी कारखानिसांचे घरी संगणकाचा मॉनिटर बदलला, त्यास कारण काय जाहले, युद्ध कोठे पडले, कोण हटले आणि कोण टिकले, हे पुढील पिढ्यांस ठाऊक असावे, न लिहिल्यास शेजारी आपल्या मनाचे सांगत सुटतील, म्हणोन ही कैफियत लिहून ठेविली. जे घडले तेच लिहिले, पदरचे घातले नाही. घातले असेल तर चवीपुरते.

विश्वामित्री नदीपलीकडे वासणा म्हणोन मुलूख आहे, तेथे दुसऱ्या मजल्यावर राजश्री विश्वंभरराव कारखानीस राज्य करीत. त्यांचे वाडवडील संस्थानात दिवाबत्तीचे खाते सांभाळून होते, आणि खुद्द रावसाहेबांनी सारी उमर रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंगच्या खोलीत घालविली. ते काम म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाने धाडिलेला कापडाचा तुकडा आणि कारखान्याने रंगविलेला तुकडा शेजारी धरावा आणि रंग जमला की नाही, याचा निवाडा द्यावा. रावसाहेबांचा दस्तुर ऐसा, की दोन्ही तुकडे उत्तरेच्या खिडकीशी न्यावे, आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा मिटावा, कारण दोन डोळे एकत्र पाहू लागले म्हणजे एकमेकांच्या चुका पोटात घालतात. आणि मग एकच शब्द उच्चारावा. ‘हां’ म्हटले की माल रवाना, ‘नाही’ म्हटले की अवघे पिंप पुन्हा. त्या शब्दावर मोठमोठे साहेबही अपील करीत नसत. निवृत्त जाहल्यावर एकेक डोळा मिटण्याचा दस्तुर मागे पडला, कारण नजर आता इतकी बसली आहे की त्याची गरज उरली नाही, ऐसे रावसाहेबांचे मत पडले. शब्द मात्र कायम राहिला.

गेल्या साली रावसाहेबांनी घरच्या घरी तीन स्वाऱ्या केल्या, त्याही नमूद करणे अगत्य. पहिली धोब्यावर, की सदरे पिवळे धुतो, आणि त्यास बरतर्फ केले. दुसरी रंगाऱ्यावर, की दिवाणखान्याच्या पांढऱ्यात पिवळा मिसळला, आणि भिंत पुन्हा रंगवून घेतली. तिसरी दूधवाल्यावर, परंतु तो गडी खमका निघाला आणि तह करावा लागला. सौभाग्यवती वसुंधराबाईंनी हे सारे पाहिले आणि काही न बोलता दुधावर साय नीट येते ना, तेवढे तपासून घेतले.

रावसाहेबांची कन्या अवंती लग्नकार्यांची चित्रफीत उतरवून, कापून, जोडून देण्याचा उद्योग घरूनच करीत असे. चित्रातील रंग कमीजास्त करणे ते रावसाहेबांस दाखवून करावे, त्यांनी ‘हां’ म्हणावे आणि मग काम गिऱ्हाइकाकडे जावे, ऐसा घरचा रिवाज पडला होता. त्या रिवाजाप्रमाणे ओळखीचे जयसिंगराव यांचे चिरंजीव धैर्यशील यांचे लग्नाची फीत तयार जाहली आणि गेली, आणि तिसरे दिवशी जयसिंगरावांचा फोन आला. ते म्हणाले, “अगं अवंती, वैशाखात लग्न लागलं आणि आमची सून बघ, थंडीनं काकडल्यासारखी निळी! भटजीसुद्धा निळे. फटाफट नीट कर बाई. नाहीतर मोहनाचं काम दुसऱ्याला देणं मला भाग आहे.” मोहना ही त्यांची कन्या, तिचे लग्न तोंडावर आले होते. बडोद्यातील मराठी घरे एकमेकांस इतकी लागून आहेत, की एका घरी नवरी निळी जाहली तर दहा घरी त्याची वार्ता चहाबरोबर पोहोचते. म्हणजे मोहनेचे काम गेले, तर एक काम गेले ऐसे नव्हे, अवंतीचा उद्योगच बसला. आणि रावसाहेबांच्या शब्दाचे काय होईल, हे तर कोणी मोठ्याने बोलेना.

तेव्हा दिवाणखान्यात खलबत बसले. घरचा मॉनिटर फार जुना होता. बसून पाहावे तर नवरी एका वर्णाची, उभे राहून पाहावे तर दुसऱ्या, आणि कुशीवर पडून पाहावे तर नवऱ्यामुलाचा फेटाच नाहीसा होई. रावसाहेबांनी पाहिले आणि हुकूम फर्माविला जे, गुन्हेगार सापडला, हा मॉनिटर फितूर आहे, यास काढावे आणि फतेगंजास कूच करून नवा आणावा. रंग आम्ही जातीने पारखू. अवंतीने काही बोलावयास तोंड उघडिले होते, परंतु बापाचे मुखावर इतक्या दिवसांनी कारखान्याचे तेज पाहिले आणि तिने ते मिटून घेतले. धाकटे चिरंजीव पीयूष यांनी अर्ज केला, की मॉनिटर घेणेच आहे तर गेमसाठी वेगवान घ्यावा. अर्ज विचारात घेतला जाईल, ऐसे उत्तर मिळाले.

मग शनिवारी सकाळी खाशी स्वारी मोटारीत बसून निघाली, अकोट्याच्या पुलावरून विश्वामित्री उतरली आणि फतेगंजास हसमुखभाईंच्या दुकानी डेरेदाखल जाहली. हसमुखभाईंनी “आवो काका, केम छो?” म्हणोन स्वागत केले, चहा मागविला, आणि तीन मॉनिटर एका रांगेत उभे केले.

त्यांची ओळख ऐसी. पहिला टीएन पॅनेलचा, स्वभावाने चपळ, परंतु मान जराशी कलती केली की रंग बदले, आणि तो अवगुण घरच्या मॉनिटरात पुरेसा भोगला होता. दुसरा व्हीए पॅनेलचा, त्याचा काळा रंग खरोखरीचा काळा. तिसरा आयपीएस पॅनेलचा, समोरून पाहा की बाजूने, रंगाचा सच्चा, परंतु अंधाराचे चित्र लावले की कोपऱ्यांतून थोडा उजेड पाझरे.

मग झुंज लागली. पीयूषने आपला गेम लाविला आणि तिन्ही मॉनिटरांत इतकी धावाधाव आणि गोळीबार केला की रस्त्यावरचे दोघे आत डोकावले. त्यात टीएन सर्वांपुढे निघाला, आयपीएस त्याचे मागोमाग राहिला. मग अवंतीने गेल्या नवरात्रीतील गरब्याची फीत लाविली. व्हीएमध्ये आकाश ऐसे काळेभोर दिसले की हसमुखभाई स्वतःच “वाह” म्हणाले, परंतु मुली वेगाने फिरू लागताच त्यांच्या चणियांच्या, म्हणजे घागऱ्यांच्या, कडा काळ्यात ओघळू लागल्या, जणू ओली शाई कोणी बोटाने पुसली. टीएनमध्ये गरबा स्वच्छ फिरला, परंतु अवंती उभी राहताच अवघ्या मैदानाचा वर्ण पालटला. आयपीएसमध्ये रात्र थोडी करडी दिसली, परंतु चणियाचा मोरपिशी तो मोरपिशी आणि राणी तो राणी राहिला. अवंतीने तिसऱ्याकडे बोट दाखविले आणि पीयूषनेही, वेग पुरता आहे, म्हणोन मान हलविली. भावाबहिणीचे एका गोष्टीवर एकमत जाहले, ही त्या घराच्या इतिहासातील दुर्मीळ घटना होय.

आता निवाडा उरला. रावसाहेब पुढे जाहले, तिन्ही मॉनिटरांवर कोरे पांढरे चित्र लावविले, दोन्ही डोळे रोखून पाहिले, आणि बोलले, “नाही.” कारण विचारिता आज्ञा केली जे, तिन्ही पिवळे आहेत. हसमुखभाई चकित होऊन म्हणाले, “काका, आ तो दूध जेवो सफेद छे!” त्यावर रावसाहेब म्हणाले, “दुधाचं काय सांगता, हसमुखभाई? दूधच हल्ली पिवळं येतं.”

हसमुखभाई धीराचे माणूस. त्यांनी आयपीएसच्या बटणांशी खटपट करून निळा वाढविला, रावसाहेब म्हणाले अजून, त्यांनी अजून वाढविला, रावसाहेब म्हणाले थोडा अजून. शेवटी तो मॉनिटर उत्तरायणात पतंगांमागे दिसणाऱ्या आकाशासारखा निळा जाहला, तेव्हा कोठे रावसाहेब म्हणाले, “आता जरा बरा दिसतो.” अवंतीने पीयूषकडे पाहिले, पीयूषने जमिनीकडे पाहिले. हसमुखभाईंनी मात्र मोडता घातला नाही. ते म्हणाले, दुकानातला उजेड खोटा असतो, जांगड म्हणून घरी न्या, आवडला तर ठेवा, नाहीतर सोमवारी परत आणा. तेव्हा आयपीएस खोक्यात घालून स्वारी माघारी फिरली. फत्ते नाही आणि शिकस्तही नाही, ऐसी मनाची अवस्था घेऊन सर्वांनी जेवण केले.

दुसरे दिवशी सकाळी रावसाहेबांनी मॉनिटर उत्तरेच्या खिडकीशी मांडविला आणि हसमुखभाईंची निळाई काढून टाकून तो होता तैसा केला, की निवाडा नि:पक्षपाती व्हावा. पांढरे चित्र लाविले. पिवळे दिसले. इतक्यात वसुंधराबाई लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणिलेला नवा पांढरा सदरा घेऊन आल्या, धोबी नसल्याने जुन्यांची आबाळ चालली होती, आणि त्यांनी पाकीट नवऱ्यासमोर फोडिले व सदरा मॉनिटराशेजारी खुर्चीवर टाकिला. रावसाहेबांनी पाहिले आणि म्हणाले, “हाही पिवळा. तुला फसवलं लहरीपुऱ्यात.”

वसुंधराबाईंनी कमरेवर हात ठेविला. इतकी वर्षे ज्या बोलल्या नव्हत्या त्या बोलल्या, “अहो, पाकीट तुमच्यासमोर फोडलं. धोब्यानं फसवलं, रंगाऱ्यानं फसवलं, दूधवाल्यानं फसवलं, आता हसमुखभाई, आणि हा सदरेवाला. अख्खं बडोदं काय तुम्हालाच फसवायला बसलंय का?”

रावसाहेब काही तरी कडक बोलणार, ऐसे सर्वांस वाटले. परंतु ते सदऱ्याकडे पाहात राहिले आणि पाहता पाहता त्यांचा हात जुन्या सवयीने वर गेला आणि त्यांनी उजवा डोळा झाकिला. सदरा मळकट पिवळा दिसला. मग हात बदलला आणि डावा झाकिला. तोच सदरा, तीच खिडकी, आणि कोणी त्यावर हळदीचे पाणी ओतल्यासारखा दिसला. पुन्हा उजवा झाकिला, पुन्हा डावा. एका सदऱ्याचे दोन रंग होत नाहीत, हे त्या घरात त्यांच्याइतके कोणास ठाऊक नव्हते. दोन मॉनिटर नादुरुस्त होते आणि दोन्ही त्यांच्याच तोंडावर बसविलेले होते.

रावसाहेब खाली बसले. त्यांस भय वाटले, ते लपविण्याचे कारण नाही. सारी उमर ज्या डोळ्यांची भाकरी खाल्ली ते डोळे कोणत्या दिवशी फितूर जाहले, हेही आपणांस कळले नाही, याचे फार वाईट वाटले. मग हळू आवाजात त्यांनी हुकूम दिला, आणि तो त्यांच्या कारकिर्दीतला पहिलाच हुकूम, ज्याच्या शेवटी प्रश्न होता. ते म्हणाले, “वसुंधरा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतेस का माझ्याबरोबर?”

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजवा पिकलेला, डावा त्याचे मागोमाग. त्याच दिवशी पीयूष फतेगंजास गेला आणि हसमुखभाईंस सारी हकीकत निवेदन केली. हसमुखभाई म्हणाले, मॉनिटर तिथेच राहू दे, काकांची आँख पहिली. मग उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया जाहली, दुसरे दिवशी पट्टी निघाली, आणि रावसाहेब घरी येऊन प्रथम खुर्चीवरच्या सदऱ्यासमोर उभे राहिले. उजव्याने पाहिले तो सदरा इतका पांढरा, की त्यात किंचित निळी झाक भासावी. भिंत पांढरी. पेल्यातले दूध पांढरे. वसुंधराबाईंचे केस आपण समजत होतो त्याहून बरेच पांढरे जाहले आहेत, हेही त्यांस तेव्हाच कळले.

मग त्यांनी धैर्यशीलच्या लग्नाची फीत नव्या मॉनिटरवर लावविली. नवरी निळी. भटजी निळे. अक्षताही निळ्या. अवघे वऱ्हाड हिवाळ्याच्या पहाटे पाण्यातून काढल्यासारखे, आणि त्या प्रत्येक चेहऱ्यावर आपण ‘हां’ म्हटलेले. रावसाहेब शेवटपर्यंत पाहात बसले आणि मग कन्येस विचारिले, “तुला हे दिसत नव्हतं?”

अवंती म्हणाली, “दिसत होतं, बाबा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही हां म्हणाला होता.”

रावसाहेब उठले आणि जयसिंगरावांस स्वतः फोन लाविला, की चूक अवंतीची नव्हे, मॉनिटरची नव्हे, माझी आहे, फीत नीट करून धाडतो, आणि पुढे काय करणे ते आपल्या मर्जीवर. धोब्यासही निरोप गेला. तो आला, सदऱ्यांचे गाठोडे उचलिले आणि दारातून म्हणाला, “साहेब, नीळ टाकून टाकून माझा हात निळा झाला होता.” रावसाहेबांनी त्यास चहा देवविला.

येणेप्रमाणे फतेगंजची मोहीम फत्ते जाहली. आयपीएस मॉनिटर कायम जाहला, पीयूषचा अर्ज वेगासह मंजूर जाहला, उजवा डोळा मोकळा जाहला, डावा अद्याप गनिमाचे ताब्यात आहे आणि त्यावर दिवाळीनंतर स्वारी ठरली आहे. जयसिंगरावांनी नवी फीत पाहिली, सून निळी न दिसता जशी आहे तशी गव्हाळ दिसली, आणि मोहनेचे काम अवंतीसच दिले.

मोहनेचे लग्न लागले, फीत तयार होत आली, तेव्हा अवंतीने तिचा चेहरा मॉनिटरवर घेतला, खिडकीशी तोच पांढरा सदरा टांगिला, आधी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि “हां” म्हणाली. रावसाहेब मागे उभे होते. त्यांस कोणी विचारिले नाही आणि त्यांनीही काही सांगितले नाही. तो शब्द ऐकिला आणि सर्वांसाठी चहा टाकावयास आत गेले. त्या दिवसापासून कारखानिसांचे घरी रंगाचा शेवटचा शब्द अवंतीचा, ऐसे सर्वांसमक्ष कायम जाहले.