पेट्रोल तोलणारे तात्या

आमच्या रहिमतपुरात पेट्रोल वाण्याच्या तराजूवर तोलून बघणारे तात्या निकम हे एकटेच गृहस्थ. पंपावर कॅन भरला की थेट किराणा दुकानात. वाणी ओरडायचा, "आवं तात्या, साखरेला वास लागतोय!" तात्या ढिम्म. रिकाम्या कॅनचं वजन तोंडपाठ. ते वजा करून गिऱ्हाइकांना सांगायचे, "बघा, लिटर म्हणत्यात, पण पाऊण किलोबी भरत न्हाई. पाणी घ्या, लिटरला किलो. ह्ये अंगानं हलकं हाय गड्या, पण आग लय!" गूळ घ्यायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून हे ज्ञान ग्रहण करायच्या.

तात्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्तीला शाळेनं शाल दिली, ती यांनी परत केली आणि बदल्यात हायड्रोमीटर मागितला. म्हणजे घनता मोजायची काचेची नळी. ती कापडात गुंडाळून लग्नाला न्यायचे, मयतीलाही न्यायचे. का? "वाटंत पंप लागतोय न्हवं."

शक्तीचा हिशेब मात्र भाकरीत. लिटरभर पेट्रोलात तीस भाकऱ्यांचा जोर, असं त्यांनी स्वतः काढलं होतं. कॉलेजचा एखादा पोरगा मुलींच्या घोळक्याभोवती फटफटी घुमवू लागला की तात्या रस्त्यातच उभे राहायचे. "अर्धी भाकरी जाळलीस रं! पोरीनं मान तरी वळवली का?" साताऱ्याहून जीप करून सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांना यांनी दारातच ऐकवलं, "येताना ऐंशी भाकऱ्या जाळल्या तुमी. आन जेवणार किती? तीन!" सोयरीक मोडली. तात्यांना त्याचं काही नाही. त्यांनी आकडा पुन्हा तपासला, बरोबर होता.

अशा माणसाचा चळवळीला काय उपयोग, असा प्रश्न मला पडायचा. मी तेव्हा ग्राहकांच्या हक्कांसाठी पत्रकं काढत होतो. नव्वदचं दशक, जो तो भेसळीबद्दल कुजबुजणार आणि पंपावर मात्र मुकाट पैसे मोजणार. मला ती शेळपट शांतता सहन होत नव्हती. म्हणून पत्रक काढलं: 'पेट्रोल हलकं, मालक तगडा!' रॉकेल मिसळलं जातंय, आणि पंपावर पेट्रोल भरणारा इक्बाल त्यात सामील आहे, असं नावानिशी छापलं. पुरावा? लोक म्हणत होते. मालक घाबरला. इक्बालला म्हणाला, "सोमवारपासून येऊ नको." हा आमचा पहिला विजय, असं मी आमच्या ग्राहक मंचात जाहीर केलं.

आता फक्त तात्यांच्या मोजणीचा शिक्का हवा होता. बाजाराच्या दिवशी, ऐन मे महिन्यात, भर दुपारी मी तात्यांना पंपावर उभं केलं. काचेच्या बरणीत पेट्रोल घेतलं, बूच लावलं, टेबलावर ठेवलं आणि भाषण सुरू केलं. पाऊण तास बोललो. मग तात्यांनी बरणीत हायड्रोमीटरची नळी सोडली. पंपाच्या फळ्यावर लिहिलेल्या घनतेपेक्षा आकडा चांगलाच कमी. गर्दीनं आरोळी ठोकली. इक्बाल पंपाच्या पायरीवर बसला होता, तो तसाच बसून राहिला.

तात्यांनी हात वर केला. "थांबा रं. फळ्यावरचा आकडा पंधरा डिग्रीचा हाय." बरणीत थर्मामीटर बुडवला, खिशातून मळकं कोष्टक काढलं, बोटं मोडत पुटपुटले. "एक्केचाळीस! ह्याचं भाषण चाललं तवर पेट्रोल उन्हात तापलं. तापलं की फुगतंय, फुगलं की हलकं व्हतंय. दुरुस्ती केली की फळ्यावरचाच आकडा. माल चोख." मग माझ्याकडे वळले. "आन रॉकेल घातलं असतं तर जड झालं असतं, हलकं न्हाई. एवढंबी ठावं न्हाई, आन पत्रकं छापतंय!"

गर्दी हसली. मालकानं तिथंच इक्बालला कामावर यायला सांगितलं. मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून निघालो.

संध्याकाळी भांडायला तात्यांच्या घरी गेलो. एकटा माणूस, दोन खोल्या. "बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का तुम्हाला?" मी तडकलो. "चार माणसांत माझी चळवळ बुडवलीत!"

"चार माणसांतच सांगाय पायजे व्हतं," तात्या म्हणाले. "माझ्या धाकल्या भावाच्या टायमाला कुणी सांगितलं न्हाई. आष्ट्याच्या पंपावर व्हता त्यो. मी नवानवा लॅबला लागल्यालो, लय शाना. एका दुपारी तितं जाऊन नळी सोडली आन मालकाला म्हणलो, माल हलका हाय. त्यानं त्याच दिवशी भावाला काढला. चोर म्हणून. मुंबईला गेला त्यो."

"आणि माल?"

"चोख व्हता. दोन वर्सांनी पुस्तकात वाचलं, तापमान बघाय लागतंय म्हणून."

माझं भांडण कुठल्या कुठे गेलं. तात्यांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "तुझी पत्रकं लोक वाचत्यात. मला एक करून दे. माल चोख व्हता, चूक थोरल्याची, एवढंच लिही."

"किती प्रती काढू?"

"एकच. आन पाकिटावर पत्ता तू घाल. माझं अक्षर दिसलं की त्यो न उघडताच माघारी धाडतोय."