अडतिसाव्या घरचा रॉड्रिगो

आमच्या माडेली गावाला चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज आडनावे मिळाली तेव्हा त्यांचे अर्थ मागाहून पाठवू असे सांगण्यात आले होते, आणि ते अर्थ यंदाच्या जानेवारीत, रविवारी चर्चमधल्या दुसऱ्या मिस्सानंतर, तीन टेम्पोंतून आले.

उशिराबद्दल कुणी कुरकुर केली नाही. आमच्या चर्चच्या छपराची कौलेसुद्धा सांगितल्यापासून नऊ वर्षांनी आली होती. वाटपासाठी धर्मग्रामाची समिती नेमली गेली आणि मी तिचा चिटणीस झालो. मी इनास मच्याडो, शाळेतला निवृत्त कारकून. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, म्हणून मला एक कुऱ्हाड मिळाली. धार बरी आहे.

परेरांच्या प्रत्येक घराला नाशपतीचे एकेक झाड मिळाले. वसईची हवा त्याला मानवत नाही, पण आपल्या आडनावाचे झाड म्हणून त्यांनी ते विहिरीजवळ लावले. रोचांचा खडक टेम्पोवाल्याने नेमका फाटकात उतरवला, त्यामुळे ते लोक आता मागच्या दाराने ये-जा करतात. लोबोंना लांडगा आला. लोबोबाई म्हणतात, खायला फार लागतं, पण भुंकत नाही हे त्यातल्या त्यात बरं. आमचे धर्मगुरू फादर कोरिया यांना चामड्याचा पट्टा मिळाला, तो त्यांनी लगेच कमरेला बांधला.

पंचाईत झाली ती रॉड्रिग्जांची. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. तिसऱ्या टेम्पोच्या मागच्या बाजूने एक दाढीवाला, जाडजूड, दमलेला माणूस उतरला. त्याच्यासोबतच्या पावतीवर लिहिले होते: रॉड्रिगो, नग एक. नावाचा अर्थ: कीर्तीने बलवान. त्याच्याकडे बघून यातले काहीच वाटत नव्हते. पण पावती बरोबर होती, मी सही करून त्याला ताब्यात घेतले.

"बाप एक आणि घरं बेचाळीस," नातालीन रॉड्रिग्ज समितीच्या बैठकीत म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, फादर."

फादरांनी क्षणभर विचार केला. "मातेची मूर्ती फिरते की नाही घरोघर? तसाच फिरवा. दर घरी सात दिवस."

यावर सगळ्यांचे समाधान झाले. मूर्तीच्या फेरीची नियमपत्रिका तयारच होती. मी 'मूर्ती' शब्द खोडून 'रॉड्रिगो' लिहिले, बाकी काही बदलले नाही. दर रविवारी संध्याकाळी एका घरचे लोक त्याला मिरवणुकीने पुढच्या घरी नेत. तिथे लेसचा पांढरा कपडा अंथरलेल्या टेबलावर त्याला बसवत, दोन बाजूंना मेणबत्त्या, पुढे झेंडूची फुले. माळेची प्रार्थना होई, गाणे होई, आणि घरमालक माझ्या वहीत लिहून देई: नग एक, स्थिती उत्तम. पाचव्या घरच्या भावाभावांनी त्याच्याकडून वाडीच्या वाटणीच्या कागदावर सही घ्यायचा घाट घातला, तेव्हा समितीने एका नियमाची भर घातली: रॉड्रिगोची सही कुठल्याही कागदावर घेऊ नये. सोळाव्या घरापासून मेणबत्त्या लवकर संपतात अशा तक्रारी यायला लागल्या. मी त्यांची नोंद घेतली.

अडतिसावे घर सांतान रॉड्रिग्जचे होते.

सांतान आणि मी चौथीत एका बाकावर बसायचो. त्या वर्षी त्याचा बाप पेद्रू बोटीवर नोकरीला गेला. निघताना सांतानचे प्रगतिपुस्तक घरी आले होते, पण पेद्रूची घाई होती. "आल्यावर करतो सही," तो म्हणाला, आणि परत आलाच नाही. ना पत्र, ना निरोप. गुरुजी रोज सकाळी विचारत, सही आणली का, आणि सांतान रोज उभा राहून नाही म्हणत असे. असे महिनाभर चालले, मग गुरुजीच कंटाळले. मी त्याच्या शेजारी बसून खाली बघत असे. मला तेव्हा फार वाईट वाटायचे आणि खरे सांगायचे तर अजून वाटते.

आता तो चौसष्ट वर्षांचा आहे. जानेवारीत फेरी ठरली त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ते प्रगतिपुस्तक होते.

"इनास, माझा नंबर पुढे घे ना. एक सही पाहिजे, बस्स."

"क्रम ठरलाय, सांतान. पाखाडीतल्या घरांच्या ओळीप्रमाणे."

"अडतीस आठवडे?"

"सदतीस. अडतिसावा तुझा."

तो पिशवी पुन्हा गुंडाळून गेला. पुढे सहीबंदीचा नियम झाला तेव्हा बैठकीत तो शेवटच्या बाकावर होता. हात वर करून त्याने विरोध केला नाही. मी त्याच्याकडे न बघता ठराव वहीत लिहिला.

सप्टेंबरच्या शेवटी रॉड्रिगो सांतानकडे पोचला. आम्ही त्याला टेबलावर बसवले, मेणबत्त्या लावल्या, आणि लोक गाण्याची वाट बघू लागले. सांतान गाणे सुरू करीना. तो रॉड्रिगोकडे बघत राहिला. रॉड्रिगोचे गाल बसले होते, दाढीत मेणाचे कण होते.

"जेवलात का?" सांतानने विचारले.

रॉड्रिगो सदतीस आठवड्यांत जे मराठी शिकला होता ते सगळे प्रार्थनेतले होते. "हे पुत्रा," तो म्हणाला, "नाही. आम्हांवर दया कर."

मूर्तीला कुणी जेवू घालत नाही, आणि फेरी मूर्तीची होती. परेरांनी झाडाला पाणी घातले होते, लोबोंनी लांडग्याला मटण घातले होते, आणि बेचाळीस घरांच्या बापाला आम्ही नऊ महिने झेंडूची फुले वाहिली होती.

"नियमपत्रिकेत जेवणाचा उल्लेख नाही," मी म्हणालो.

"मनाईही नसेल," सांतान म्हणाला. "कतरीन, पान वाढ."

त्याच्या बायकोने बांगड्याचे कालवण आणि भात वाढला. रॉड्रिगो टेबलावरून उतरला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याने चार वेळा भात घेतला. शेवटी "आमेन" म्हणून तो तिथेच भिंतीला टेकून झोपला. लोकांनी मेणबत्त्या विझवल्या आणि ते घरी गेले.

आठवडाभर मी तिकडे फिरकलो नाही. कतरीन बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "दोघं दिवसभर ओट्यावर बसून असतात. हे सांगतात आणि तो ऐकतो, ऐकून ऐकून आपल्यासारखं बोलायलाही लागलाय. लहानपणचं सगळं काढलंय. तुमचंसुद्धा नाव निघालं."

पुढच्या रविवारी मिरवणूक घेऊन मी गेलो. चाळीसेक माणसे मेणबत्त्या घेऊन अंगणात थांबली आणि मी वही घेऊन आत शिरलो. रॉड्रिगो खुर्चीत बसला होता. सांतान त्याच्यापुढे हात मागे बांधून उभा होता, चौथीत उभा राहायचा अगदी तसा. प्रगतिपुस्तक रॉड्रिगोच्या मांडीवर उघडे होते.

"मराठी, बासष्ट," सांतान सांगत होता. "इतिहास, अठ्ठावन्न. भूगोल, पंचावन्न. विज्ञान, साठ. चित्रकला, सत्तर."

रॉड्रिगोला वाचता येत नव्हते. त्याने पानावरून बोट सावकाश खाली नेले.

"ओळी सहा आहेत," तो म्हणाला. "तू पाच वाचल्यास."

"गणित राहिलं."

"किती?"

"एकोणतीस."

"कितीपैकी?"

"शंभर."

रॉड्रिगोने त्या ओळीवर बोट टेकवले. मग त्याने माझ्याकडे बोट केले. "शेजारी बसायचा तो हाच ना? त्याला किती होते?"

वही हातात असताना मी खोटे बोलत नाही. "एकाहत्तर," मी म्हणालो.

"ऐकलंस?" रॉड्रिगोचा आवाज चढला. "बाक तोच, गुरुजी तेच, आणि याला एकाहत्तर! तुझं लक्ष कुठे असतं? चित्रं काढायला वेळ मिळतो, पाढे म्हणायला मिळत नाही? परत मला हा आकडा दिसता कामा नये!"

"नाही दिसणार, बाबा," सांतान म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि चेहरा असा काही उजळला होता की मला माझ्या वहीत बघावे लागले. छप्पन्न वर्षे त्याला या गावात कुणी रागावले नव्हते. बिचारा बिनबापाचा म्हणून सगळे त्याला सांभाळून घेत आले होते, मीसुद्धा.

रॉड्रिगोने पेन मागितले. सांतानने माझ्याकडे पाहिले. दारातून फादरही माझ्याकडे बघत होते.

"लिहिता येतं का यांना?" मी विचारले.

"नाही. नुसता क्रूस काढतात."

"नियम सहीबद्दल आहे," मी म्हणालो. "क्रूसाला या गावात कुणी मनाई करू शकत नाही." फादरांनी मान हलवली, आणि मी तसे वहीत लिहून घेतले.

रॉड्रिगोने 'पालकाची सही' या शब्दांपुढे जपून एक क्रूस काढला. सांतानने त्यावर फुंकर घातली, पुस्तक पिशवीत गुंडाळले आणि माझ्या वहीत नोंद केली: नग एक. स्थिती, जेवलेला. मग मिरवणूक एकोणचाळिसाव्या घरी गेली. तिथे नातालीनने टेबलावरचा लेसचा कपडा आधीच काढून ठेवला होता आणि पान मांडले होते.

बेचाळीस घरे झाली की फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हिशेबाने रॉड्रिगो सांतानकडे पुढच्या जुलैत येईल. मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, सांतान माझ्या दारात उभा होता. त्याच्या हातात नवी चौकटीची वही आणि टोक केलेली पेन्सिल होती.

मी त्याला शेजारी बसवून घेतले. पाढे तिसापर्यंत झाले आहेत, सध्या आम्ही अपूर्णांक करतो आहोत.