पुढच्याले द्या

मी आज गोव्यात पगार घेऊन फुटबॉल खेळतो, ते थावराकाकांमुळे. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण एकदा सांगायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्याचंच नाव सांगितलं. ते कसं झालं ते पुढे येईल. आधी काका.

थावराकाकांच्या हातात काही टिकत नाही. दारव्ह्याच्या जीप स्टँडवर त्यांना चहाचा कप देऊन बघा. तो तोंडापर्यंत जाणार नाही. डावीकडे एक नजर, उजवीकडे एक नजर, आणि कप शेजारच्याच्या हातात. "पुढच्याले द्या." तुम्ही दुसरा सांगितला तर तोही जातो. चहावाला म्हणायचा, "काका, तुमच्या नावानं अर्धं दारव्हा चहा पेते. तुमी कवा पेता?"

लग्नाच्या पंगतीत तेच. समोर आलेली पत्रावळ पुढे सरकते. पंगत उठते तेव्हा काका उपाशी, आणि टोकाचा माणूस दोन पत्रावळी घेऊन घाबरून बसलेला.

त्यांची स्वतःची जीप आहे, यवतमाळ फेरीची. कुणी बसायला आलं की म्हणणार, "पुढच्यात बसा न मावशी, ते लवकर भरते." पुढची भरते, निघून जाते. काकांची सगळ्यांत शेवटी निघते, अर्धी रिकामी. बाकीचे ड्रायव्हर त्यांना 'मालक' म्हणतात, कारण स्टँडवरच्या सगळ्या गाड्या तेच भरतात.

तरुणपणी मुलगी पाहायला गेले. मुलगी बारावी झालेली. काकांनी पोहेही खाल्ले नाहीत. "हिले शिकलेला पाह्यजे," म्हणाले आणि कॉलेजात जाणाऱ्या धाकट्या भावाचं जमवून आले. त्यानंतर स्वतःसाठी पाहायचं राहूनच गेलं.

मी एकदा विचारलं, "काका, असं काहून करता?"

"आमी लमान," ते म्हणाले. "आमचे आजे-पणजे बैलाईवर मीठ नेत. कुठच्या कुठं. नेनाऱ्यानं रस्त्यातच खाऊन टाकलं त कसं होईन? ज्याचं त्याले पोचवाचं."

कोलकात्याच्या एका क्लबात ते सात हंगाम पगारी मिडफिल्डर होते. मागून आलेला बॉल पुढच्याला नेऊन द्यायचा. "तेच काम," म्हणायचे. "फक्त बैल नव्हते."

मी नववीत शाळा सोडली. घरात कुणी रागावलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. स्टँडवर बसून असायचो. एक दिवस काकांनी माझ्या पायाशी बॉल सोडला. "काहून बे पोट्ट्या, मोकळाच आहेस न?"

बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या ओट्यांमधून आम्ही खेळायचो. ओटे म्हणजे समोरची टीम. "हा कांदेवाला, तो मिरचीवाला. मिरचीवाल्याजवळ बॉल गेला त समज डोळे गेले." बॉल माझ्या पायात जरा जास्त राहिला की ओरडायचे, "चोर आहे का बे? ठेवून कायले घेतला? पुढच्याले दे." आणि मी विचारलं, "काका, तुमी गोल किती मारले?" की ते जीपची काच पुसायला घ्यायचे.

मग एकदा म्हणाले, "गोव्यात माह्या संग खेळलेला एक जन कोच आहे. जा. तुले पाहीन तो." मी यवतमाळच्या पुढे कधी गेलो नव्हतो.  मी निघालो त्या दिवशी मात्र काकांची जीप स्टँडवरून सगळ्यांत आधी निघाली. आत मी एकटा.

क्लबाने मला घेतलं. पण दर हंगामाच्या शेवटी ठेवतात की काढतात, ही धाकधूक असतेच. इंग्रजी कागद आला की मी फोटो काढून काकांना पाठवतो आणि ते स्टँडवर येणाऱ्या एका मास्तरांकडून वाचून घेतात. "काढलं नाही," एवढं त्यांनी सांगितलं की मी जेवतो.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात माझा पहिला गोल झाला. यवतमाळच्या एका पेपरवाल्याचा फोन आला. खेळ कोणी शिकवला, म्हणाला. कोच शेजारीच उभे होते, आणि ठेवायचं की काढायचं ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. मी कोचचं नाव सांगितलं. फोन ठेवला आणि कसंतरी झालं. पण परत फोन लावला नाही.

पेपर दारव्ह्याला पोचला. काकांनी प्रत्येक जीपमध्ये एकेक ठेवला, असं कळलं. दुपारी मी फोन केला.

"काका, ते पेपरात..."

"वाचलं न. फोटो चांगला आला. केस काप."

"तुमचं नाव मी..."

"ते सोड. मले एक सांग. गोल मारल्यावर कसं लागते रे?"

मला इतकी शरम वाटत होती की फोन कधी संपतो असं झालं होतं. म्हटलं, "काही नाही काका. साधंच."

"असं?" ते म्हणाले. "बरं, ठेवतो. माही गाडी भरून राह्यली."

काकांची गाडी इतक्या लवकर कधी भरत नाही.

दुसऱ्या दिवशी कोचनी बोलावलं. बातमी त्यांना कुणीतरी वाचून दाखवली होती. "थावरा का नाम क्यों नहीं लिया?" मी बुटाची नाडी बांधायला घेतली. मग त्यांनीच सांगितलं. सात हंगामांत थावराचा एकही गोल नाही. एकदा गोलकीपर पडलेला, जाळं रिकामं, आणि बॉल थावराच्या पायात. "मैं बगल में था. मेरा गोल नहीं हो रहा था, मुझे निकालने वाले थे. उसने बॉल मुझे दे दिया. मैं दो कदम आगे था. ऑफसाइड." सामना गेला. क्लबाने कोचना ठेवलं आणि काकांना काढलं.

मी निघालो तर म्हणाले, "और सुन. यहाँ बच्चों को सिखाने के लिए मैंने उसी को बुलाया था. बोला, मैं आके क्या करूँ, सिखाया हुआ भेजता हूँ."

म्हणजे काकांनी कप पुन्हा शेजारच्याला दिला होता. शेजारी मी होतो, आणि मी तो पिऊनही टाकला होता.

मला आणखी एका हंगामासाठी ठेवलं आहे. काकांना त्यानंतर तीन-चारदा फोन केला. गोलचा विषय काढला की त्यांची गाडी भरते.

त्यांचं सगळं काही मला फेडता येणार नाही. पण एक करणार आहे, या सुटीत नाही जमलं तर पुढच्या. बाजार नसेल त्या दिवशी काकांना ओट्यांकडे नेईन. शेवटच्या दोन ओट्यांमधली जागा म्हणजे गोल. स्टँडवरच्या एकाही माणसाला तिकडे फिरकू देणार नाही. बॉल काकांच्या पायात देईन आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहीन. ते डावीकडे पाहतील, उजवीकडे पाहतील. पुढे कुणीच नसेल.