रशीदभाईंचे खडे

आमच्या शेजारच्या रशीदभाईंना जेवायला बोलवायचं असेल, तर तांदूळ आदल्या दिवशी त्यांच्याकडे पाठवावे लागतात. स्वतः निवडल्याशिवाय हा गृहस्थ भाताला हात लावत नाही. तासगावात त्यांचं धान्याचं दुकान आहे, पण हा धंदा नव्हे, हे वेड आहे! माझ्या भाचीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "मास्तर, माल चांगला हाय, पर खडा हाय त्यात." सापडलेले मोठे पांढरे खडे मात्र ते फेकत नाहीत. धुऊन खिशातल्या डबीत ठेवतात. का, म्हणून विचारलं की "लागत्यात," एवढंच.

अशा माणसाच्या अंगातच खडे निघाले. आणि तेही कुठे, तर वृषणात!

झालं असं, की पोतं उतरवताना त्यांना नको तिथं मार बसला. सोनोग्राफी केली. माराचं काही नव्हतं, पण दोन्हीकडे बारीक बारीक खडे दिसले. वाट चुकलेला मूतखडाच असणार, असं ठरवून यांनी आठवडाभर कुळथाचं पाणी ढोसलं. मग रिपोर्ट माझ्याकडे आणला. मी अतिशहाणा, लगेच मोबाईलवर शोधलं. पहिल्याच ओळीत कॅन्सर!

"जल्मभर लोकांचं खडं काढलं, आन ह्ये माझ्यातच?" ते हसले खरे, पण डबी मुठीत घट्ट धरली होती.

सांगलीच्या डॉक्टरांकडे निघालो. एसटीत ते म्हणाले, "मरायचं भ्या न्हाई, मास्तर. पर जैतूनच्या सुपाचं काय?"

जैतूनभाभी म्हणजे त्यांची बायको. भीतीनं माणूस बरळायला लागला, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी नीट तपासलं. लहानपणी वृषण खाली उतरायला उशीर झाला होता का, घरात कुणाला असा कॅन्सर होता का, विचारलं. दोन्ही नाही. "मग जिवाला घोर कशाला लावून घेता? हा कॅन्सर झालेल्यांत असे खडे पुष्कळदा दिसतात, म्हणून नाव जोडलं जातं. पण नुसते खडे असलेल्या बहुतेकांना काही होत नाही. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी चाचपून बघा. कडक गाठ लागली तर लगेच या."

माझा जीव भांड्यात पडला.

"आन खडं कवा काढायचं?" रशीदभाई.

"काढायचे नाहीत. राहू द्यायचे."

"राहू द्यायचं?" कॅन्सरच्या नावानं हादरला नसेल एवढा हा माणूस आता हादरला.

घरी पोचलो. जैतूनभाभी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची नजर आता जवळजवळ गेली आहे. रशीदभाईंनी निवडलेले तांदूळ सुपात ओतले, डबी उघडली आणि पाच खडे आवाज न करता त्यात मिसळले. सूप भाभींपुढं सरकवलं.

भाभींची बोटं फिरली. "आवं, ह्ये बघा! दुकानदार म्हणवता, आन एवढालं खडं दिसत न्हाईत व्हय?"

"न्हाई गं. तू हायस म्हणून."

भाभींनी काढलेले चार खडे रशीदभाईंनी परत डबीत टाकले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "नीट बघ, जैतून. अजून एक हाय त्यात."