दोन हजार तीनशे सोळा जीव

जीव वाचवणे हे माणसाचे सर्वोच्च कर्तव्य आहे, आणि जीव जितका लहान तितके ते उरकायला सोपे जाते. मामांना हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एका बुधवारी दुपारी अडीच वाजता उमगले.

त्या वेळी ते बहिणीच्या घरामागे, पोहण्याच्या तलावाकाठी आरामखुर्चीत पडून होते. (लिफ्ट तपासण्याची नोकरी सोडल्यापासून, म्हणजे गेले चौदा महिने, ते बहिणीकडे दोन दिवसांसाठी आलेले होते.) तलाव आठ मीटर लांब, खोल बाजूला सव्वादोन मीटर. ऊन तापलेले, वारा पडलेला. अशा दुपारी आसपासची सगळी वारुळे जणू आपसांत ठरवून पंखवाल्या मुंग्या बाहेर सोडतात आणि त्यांतल्या बऱ्याच थेट पाण्यात पडतात. त्या दिवशीही पडल्या. मामांनी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणून एक मुंगी बाहेर काढली. मुंगीने पंख झटकले. मामांनी घराकडे तोंड करून हाक दिली.

"ताई, मी आज एक जीव वाचवला!"

"बरं केलंस," बहीण आतून म्हणाली. "आता गाळणी धुऊन ठेव."

थोर कार्यांची सुरुवातीला अशीच उपेक्षा होते.

या तलावात रोज दुपारी त्यांची भाची पोहत असे. तिने नुकतीच प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती आणि सार्वजनिक तलावावर जीवरक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. जागा एकच. चाचणी बारा दिवसांनी, सोमवारी सकाळी सात वाजता: चारशे मीटर नऊ मिनिटांत. घरच्या तलावात त्याच्या पन्नास फेऱ्या होतात. भाचीला नऊ मिनिटे चाळीस सेकंद लागत. बारा दिवसांत चाळीस सेकंद कमी करायचे, म्हणजे दिवसाला साडेतीनहून थोडे कमी, असा तिचा साधा हिशोब होता. त्यात मुंग्या धरलेल्या नव्हत्या.

"मामा, यातले बहुतेक नर आहेत," तिने समजावून पाहिले. "त्यांचं आयुष्यच एवढं. वाचवा नाहीतर नका वाचवू, परवापर्यंत मरणारच आहेत ते."

"परवापर्यंत?" मामा ताडकन उठले. "म्हणजे हातात वेळच नाही!"

गुरुवारी सकाळी समिती स्थापन झाली. अध्यक्ष मामा. चिटणीस शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, कारण त्यांच्याकडे कोरे हजेरीपट शिल्लक होते. गल्लीतले सहा स्वयंसेवक झाडूच्या दांड्याला गाळण्या बांधून हजर झाले. पहिल्याच बैठकीत तीन ठराव सर्वानुमते संमत झाले: पाणी गाळणारा पंप बंद ठेवावा (तो मुंग्या ओढतो), कार्य पूर्ण होईपर्यंत तलावात कोणीही उतरू नये (लाटा उठतात), आणि चहा दर दोन तासांनी मिळावा. तिसऱ्या ठरावाची अंमलबजावणी भाचीच्या आईकडे सोपवण्यात आली. बैठकीला त्या नव्हत्या. त्या चहा करत होत्या.

गुरुवारी चारशे बारा मुंग्या वाचल्या, शुक्रवारी नऊशे तीन.

भाचीला शास्त्राची सवय. तिने शुक्रवारी सकाळी पन्नास मुंग्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला आणि त्या सोडल्या. दुपारी बाहेर काढलेल्या दर शंभर मुंग्यांत पंचवीस ठिपकेवाल्या निघाल्या. म्हणजे मुंग्या एकूण साधारण दोनशेच होत्या. काठावर ठेवल्या की त्या उडत, आणि उडाल्या की परत पाण्यात पडत. एक ठिपकेवाली तर तीन तासांत सात वेळा वाचली होती.

"याला म्हणतात जिद्द," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"बाई, पण एक मुंगी सातदा मोजायची?"

"मुलगा सातदा परीक्षेला बसला तर आम्ही सातदाच लिहायचो."

मामांनी कागदावर भागाकार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. दोनशे मुंग्या, नऊशे तीन बचाव: प्रमाण साडेचारशे टक्क्यांच्या वर. जगातल्या कुठल्याही बचावकार्याला आजवर शंभराची मर्यादा ओलांडता आलेली नाही, हे त्यांनी सभेच्या निदर्शनास आणून दिले. टाळ्या झाल्या.

भाचीने मग एक लेखी सूचना दिली: दुपारी दोन ते पाच तलावावर ताडपत्री ओढावी. मुंग्या पडणार नाहीत, आणि सकाळ-संध्याकाळ तिला पोहता येईल. समितीने सूचनेवर चाळीस मिनिटे चर्चा केली. मुंग्या पडल्याच नाहीत तर त्यांना वाचवण्याचा मार्गच बंद होतो, हे बाईंनी दाखवून दिले. सूचना "जीवितास बाधक" या शेऱ्यासह दप्तरी दाखल झाली.

शनिवारी सातशे अठ्ठ्याऐंशी. पण रविवारी एकशे एकतीस, आणि सोमवारी अवघ्या नऊ. उडण्याचे दिवस संपले होते. स्वयंसेवक दांडे घेऊन काठाकाठाने नुसते फिरत. एकाने तर पाण्यातले वाळके पान काढले. भाचीला वाटले, सुटले एकदाची. चाचणीला अजून सात दिवस होते.

पण संकट ओसरले म्हणून हात झटकणाऱ्यांतले मामा नव्हते. वाचलेल्या मुंग्यांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी काठावरच्या फरशीवर साखरेचे पाणी शिंपडायला लावले. त्यावर बिनपंखांच्या मुंग्या आल्या, आणि गर्दीत काही ढकलल्या जाऊन पाण्यात पडल्या. बिनपंखांच्या मुंग्या समितीच्या कक्षेत येतात का, असा प्रश्न निघाला. "मदत मागायला आलेल्याला पंख आहेत का विचारणारे आपण कोण?" असे मामांनी विचारले. बाईंनी डोळे पुसले. पाणी एव्हाना हिरवे झाले होते. भाची रात्री पलंगावर पालथी पडून हवेत हात मारत असे. तसे सेकंद कमी होत नाहीत.

चाचणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, समारोप होता. फोटोसाठी मामा खोल बाजूला गाळणी घेऊन वाकले, साखरपाण्यावरून पाय सटकला, आणि अध्यक्ष कार्यक्षेत्रात पडले.

मामांना पोहता येत नव्हते. (समितीत कोणालाच येत नव्हते. नियमांत तशी अट नव्हती.) सहा गाळण्या तत्परतेने पुढे झाल्या. एक मामांच्या कानाला लागली. बाईंनी पेन उघडले आणि रकाना कोणता धरायचा म्हणून थांबल्या.

"अहो, काढा ना कोणीतरी माझ्या भावाला!" भाचीची आई किंचाळली.

भाचीने कपड्यांनिशी उडी मारली. हनुवटीखाली हात घालून तिने मामांना अकरा सेकंदांत काठाला लावले.

त्या दिवसाची नोंद अशी आहे. वाचलेल्या: चार. गमावलेल्या: एकोणीस. कारण: समितीच्या परवानगीविना जलप्रवेश, व त्यामुळे उठलेल्या लाटा. मामांचा उल्लेख नाही, कारण हजेरीपटात सहा पायांहून कमी पायांचा रकाना नव्हता. टॉवेल गुंडाळून, खोकत खोकत, अध्यक्ष म्हणून त्यांनीच खाली सही केली.

"वाईट वाटून घेऊ नकोस, बाळ," ते म्हणाले. "घरच्या माणसाला सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

सोमवारी भाचीला पूर्वीसारखेच नऊ मिनिटे चाळीस सेकंद लागले. तरी टेबलावरच्या कारकुनाने अर्ज पुढे केला. त्यात एक चौकट होती: आजवर वाचवलेले जीव (आकड्यात). अनुभव असला तर वरचे सेकंद माफ होत. भाचीने लिहिले: एक.

"पुरावा?"

भाचीने मागे पाहिले. बाकावर मामा बसले होते, मांडीवर फाइल घेऊन. अर्ज त्यांनीही केला होता.

"मामा, सांगा ना यांना."

मामांनी हजेरीपट काढून रविवारचे पान शोधले. बोट फिरवत ते शेवटच्या ओळीपर्यंत आले. "नोंद तर दिसत नाही गं," ते हळहळून म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या चौकटीत आकडा होता दोन हजार तीनशे सोळा. सोबत दिवसवार तपशील, चिटणीसांच्या सह्या, फोटो. जीव कोणाचा, हे अर्जात विचारलेले नव्हते. हजारावर जीव वाचवणाऱ्याला पोहण्याची चाचणी माफ आहे.

मामा आता सार्वजनिक तलावावर उंच खुर्चीत बसतात. लाल सदरा, गळ्यात शिट्टी, खुर्चीला टांगलेली गाळणी. आकडा दारावरच्या पाटीवर रंगवलेला आहे. भाची दर रविवारी तिकीट काढून तिथे चारशे मीटर पोहते. आता तिला बरोबर नऊ मिनिटे लागतात, आणि तेवढी नऊ मिनिटे पाण्यात पोहता येणारे कोणीतरी असते.

गेल्या रविवारी तुम्ही मुलांना घेऊन गेलात, तेव्हा तिथे तीन तास थांबलात. पाटीवरचा आकडा वाचून तुम्हाला हायसे वाटले, आणि तुम्ही सावली बघून मोबाइल काढलात. मामांनी तुमचा विश्वास सार्थ ठरवला. त्या दिवशी तलावात एकही मुंगी बुडाली नाही.