लालीबाईची बकरी आणि माझा डावा कोपरा

बचाव कसा करायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही! दारव्ह्याच्या कबड्डी संघात सलग सहा वर्षं मी डावा कोपरा सांभाळला. माझ्या हातात घोटा सापडला, की भलाभला चढाईवाला आईचं नाव घेई. त्यामुळे माझी लेक सलोनी रडवेल्या तोंडानं शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, मॅडम मले बास्केटबॉलच्या टीममधून काढून राह्यल्या," तेव्हा मी नुसता मिशीवरून हात फिरवला.

"काहून? बॉल तं तू बरोबर जाळीत टाकतं!"

"टाकतो. पण समोरची पोरगी मले वलांडून जाते. निशिगंधा मॅडम म्हणे, तुझ्या बाजूनं तर बैलगाडीसुद्धा निघून जाईल! शनिवारी शेवटचा चान्स हाय. नाई तं यवतमाळची मॅच गेली."

यवतमाळच्या मॅचसाठी पोरगी चार महिने राबत होती. बाप म्हणून मी तिचे डोळे पुसले. पण आपल्यातला कोच मात्र आतून खूश झाला, खोटं कशाला बोलू!

"एवढंच ना? हात इथं, घोटा इथं, अन् हिसका! बचाव म्हंजे पकड, बेटा!"

"बाबा, बास्केटबॉलमंधी धरत नाईत."

"धरत नाईत, म्हून तं वलांडून जातेत!"

दोन दिवस मी तिच्याकडून पकडी घोटून घेतल्या. बुधवारी सरावाचा सामना झाला. सलोनीनं चार मिनिटांत पाच फाउल केले आणि नियमाप्रमाणे बाहेर बसली. पाचव्या वेळी तर समोरच्या पोरीचा बूटच हिच्या हातात राहिला! घरी आल्यावर तिनं खेळाच्या नियमांची वही माझ्यापुढे आदळली.

उरले दोन दिवस. मग मी मुकाट्यानं ती वही वाचली. गुडघे वाकवून खाली बसायचं, पाय घासत बाजूला सरकायचं, समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवायची. वाट अडवायची, पण अंगाला हात लावायचा नाही. ठीक आहे, पण सरावाला अडवायचं कुणाला?

तेवढ्यात उत्तर आपल्या पायांनी अंगणात आलं. शेजारच्या लालीबाईची बकरी! आमची तूर ताडपत्रीवर वाळत होती आणि रोज याच वेळी ही बया तिच्यावर तोंड मारायला यायची.

"सलोनी, तूर म्हंजे तुही जाळी! बकरी म्हंजे समोरची पोरगी! आधी मी करून दाखवतो, पाह्य!"

मी गुडघे वाकवले, हात पसरले. बकरीनं डावीकडे मान टाकली. मी डावीकडे झेपावलो. बकरी उजवीकडून तुरीत! पुन्हा हाकलून समोर उभी केली. उजवीकडे मान, उजवीकडे मी, डावीकडून बकरी! तिसऱ्यांदा मात्र माझ्यातला डावा कोपरा जागा झाला. मी सूर मारून तिचा मागचा पाय धरला आणि माझ्या कमरेत कट्टकन आवाज झाला. बकरी सुटली. मी कसाबसा उठलो, पण अर्धाच. वाकलेला, हात पसरलेले, वरही होईना आणि खालीही होईना!

नेमकी तेव्हाच लालीबाई कुंपणाशी आली आणि तिनं आपल्या बंजारा बोलीत आईच्या नावानं हाक फोडली.

"अरे याडी! मायी बकरी धरून राह्यले! तेबी दिवसाढवळ्या!"

"नाई बाप्पा! पोरीले बास्केटबॉल शिकवून राह्यलो!"

"बकरीसंग?"

सलोनीनं हसू दाबत सगळं सांगितलं. लालीबाईचा राग तिथंच उतरला, कारण तिचा अर्धा जन्म बकऱ्या अडवण्यात गेला होता. तिनं मला खाटेवर लोटलं, पदर खोचला आणि सलोनीला तुरीपुढे उभं केलं.

"तोंडाकडं कायले पाह्यतं, पोरी? तोंड फसवते! पोटाकडं पाह्य. जिकडं पोट, तिकडंच बकरी. अन् उडी नको मारू, सरकत जा."

गुरुवारी बकरीनं पोटभर तूर खाल्ली. शुक्रवारी दुपारी तिला चार घास मिळाले. शुक्रवारी संध्याकाळी एक दाणासुद्धा नाही! बिचारी कुंपणाशी जाऊन उभी राहिली. मी खाटेवर कंबर शेकत सूचना देत होतो. कुणी ऐकत नव्हतं.

शनिवारी मी तसाच वाकलेला मैदानावर गेलो. सलोनी खाली बसून अशी सरकत होती, की समोरच्या पोरीला वाटच मिळेना. तिनं डावीकडे हूल दिली, सलोनी हलली नाही. उजवीकडे दिली, तरी नाही! शेवटच्या शिट्टीपर्यंत तिला एकही बास्केट करता आलं नाही आणि सलोनीच्या नावावर एकही फाउल नव्हता.

"तू यवतमाळला येतेस!" मॅडम म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले. एवढा आनंद मला स्वतःच्या कबड्डीतसुद्धा झाला नव्हता.

"पण दोन दिवसांत हे शिकवलं कुणी?"

मी मान जमेल तेवढी वर केली.

"लालीमावशीच्या बकरीनं, मॅडम!" सलोनीनं सांगून टाकलं.

मॅडम चक्रावल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. कंबर खाली, गुडघे वाकलेले, तोल सांभाळायला हात पसरलेले.

"अरे वा! पोझिशन असावी तर अशी! हे कोण?"

"हे माये बाबा," सलोनी म्हणाली. "बकरी यांच्याच बाजूनं निघून जाते."

माझ्या बाजूनं पुन्हा बकरी निघायला नको, म्हणून तूर आम्ही पोत्यात भरून टाकली आहे.