अक्कांची रांग

मानसोपचाराच्या ओपीडीत शिरणाऱ्या प्रत्येकाला आमच्या सिंधूअक्का एकच विचारायच्या, "आज काय खादं?" नाव नाही, गाव नाही, आजार नाही. आधी जेवण!

जळगावच्या त्या दवाखान्यात मी केसपेपर काढायचो. मी नंबर द्यायचे आणि धुळ्याच्या या सिस्टरबाईंनी ते मोडायचे, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. डॉक्टर यायचे फक्त मंगळवारी. दुपारपर्यंत ज्याचा नंबर लागला नाही, तो पुढच्या मंगळवारावर. त्यामुळे आधी आत कोणाला सोडायचं, यावरून दारात दर वेळी महाभारत.

एकदा एक शेठजी आले ते फोनवर मोठमोठी नावं घेतच. झोप लागत नाही म्हणे. अक्कांनी त्यांनाही विचारलं.

"दाल-बाटी," शेठजी गुरकावले.

"तूप?"

"म्हणजे काय! वरून."

"मंग बठा. भूक शे ना, मंग घाई नही."

मी कपाळाला हात लावला. मंगळवारी अंगारकी आली, की तर बाईंची ही पद्धत पार कोलमडायची. निम्मी रांग उपाशी! मग "काल काय खादं?" पासून सुरुवात. डॉक्टरही वैतागायचे, "सिस्टर, दवाखाना आहे की खानावळ?"

पण शेठजी आले त्याच दिवशी त्यांच्या मागे असोद्याची एक सून बसली होती. सासू सांगत होती, "काही नाही हो, जराशी गप ऱ्हाते." भरताचे दिवस, घरच्या मळ्यातली वांगी. अक्कांनी विचारलं, तर पोरगी म्हणाली, "आठवत नाही." अक्कांनी तिला दंडाला धरून थेट आत नेलं. शेठजींनी आकाशपाताळ एक केलं. डॉक्टरांनी मात्र पोरीला घरी जाऊ दिलं नाही, वॉर्डातच ठेवलं. त्याच रात्री जीव द्यायचं तिनं ठरवलं होतं, हे नंतर कळलं. पुढं ती बरी होऊन वांग्यांची पिशवी घेऊन आली, तेव्हा अक्का दाराआड जाऊन रडल्या.

अक्का निवृत्त झाल्या. आता दारात टोकनचं यंत्र आहे. फार शिस्तीचं! मी आतल्या खोलीत रेकॉर्ड सांभाळतो.

मागच्या मंगळवारी बाहेर आलो, तर शेवटच्या बाकावर अक्का. भेटायला आल्या असतील म्हणून मी आनंदानं जवळ गेलो आणि त्यांच्याच ढंगात विचारलं, "काय अक्का, आज काय खादं?"

त्या हसल्या नाहीत. हातात टोकन होतं, सगळ्यांत शेवटचं.

"एकलीसाठे काय रांधानं, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "काल... काल काय खादं, याद नही येत."

 मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.

"नंबर मोडस का रे?" त्या पुटपुटल्या.

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ साहेब, आम्ही सकाळपासून बसलोय!"

"बठा भाऊ," मी म्हणालो, आणि अक्कांना घेऊन आत गेलो.